तक्त्यात नसलेला रकाना

मुलगा पुण्याला नोकरी करतो. मागे त्याने मला एक तक्ता पाठवला. विजेवर चालणाऱ्या चार गाड्या आणि प्रत्येकीपुढे बारा रकाने. किंमत किती, बॅटरी किती युनिटची, एकदा चार्ज केली की किती किलोमीटर, पूर्ण चार्ज व्हायला किती तास, डिकी केवढी, एअरबॅग किती. खाली त्याने लिहिलं होतं, ‘अब्बा, यातली एक निवडा. बाकीचं मी बघतो.’

आमची जुनी पेट्रोलची गाडी आता थकली आहे, त्यामुळे निवडणं भागच होतं. दोन दिवस तो तक्ता मी उलटसुलट वाचला आणि मग पेनाने शेजारी तेरावा रकाना आखला. त्यावर लिहिलं, ‘रात्रीचे दोन’.

शहरात राहणाऱ्यांना हा रकाना जरा समजावून सांगावा लागेल. हिवरा आश्रमसारख्या गावात चारचाकी एका दारापुढे उभी असते, पण ती एकाच घराची नसते. रात्री दोन वाजता कडी वाजते. ‘चाचा, गाडी काढा बरं लवकर, सुनेले कळा सुरू झाल्या.’ कधी कोणाला साप चावलेला असतो, कधी कोणाचा दमा उसळलेला असतो. १०८ ची रुग्णवाहिका येते, पण ती दुसऱ्या गावाला गेलेली असली की आपली गाडी काढावी लागते. मेहकर जवळ आहे. तिथे ‘पुढे न्या’ म्हणाले की बुलढाणा, जाऊन-येऊन शे-सव्वाशे किलोमीटर. तिथेही ‘पुढे न्या’ म्हणाले की छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जाऊन-येऊन तीनशेच्या आसपास. पेट्रोलची गाडी असते तेव्हा डब्यात पाच लिटर ठेवलेलं असतं. विजेचा डबा कुठून आणणार?

या प्रश्नाचं उत्तर शोधत मी मागे इतिहासात गेलो, तर तिथे पहिली गाठ डॉक्टरांशीच पडली.

साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत गाडी घेऊ पाहणाऱ्यापुढे तीन पर्याय होते : वाफेची, विजेची आणि पेट्रोलची. १९०० साली तिथे ४१९२ मोटारी तयार झाल्या. त्यात वाफेच्या १६८१, विजेच्या १५७५ आणि पेट्रोलच्या अवघ्या ९३६. म्हणजे आज जिला आपण नवी म्हणतो ती तेव्हा पेट्रोलच्या पुढे होती. त्याच्या आदल्याच वर्षी, २९ एप्रिल १८९९ रोजी, पॅरिसजवळ कामीय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने ताशी १०० किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला, तोही विजेच्याच गाडीत. गाडीचं नाव होतं ‘ला जामे कोंतांत’, म्हणजे ‘कधीच समाधान न पावणारी’.

या गाड्यांच्या गिऱ्हाइकांत डॉक्टर बरेच होते. कारण साधं होतं. रोग्याचं बोलावणं आलं की गाडी लगेच निघायला हवी. वाफेच्या गाडीला आधी पाणी तापवावं लागे. पेट्रोलच्या गाडीला पुढून हँडल मारावं लागे. आपल्याकडे शेतातलं ऑइल इंजिन ज्यांनी हँडल मारून सुरू केलं आहे आणि ते उलटं फिरून ज्यांचं मनगट दुखावलं आहे, त्यांना यातली मेख अधिक सांगायला नको. विजेची गाडी मात्र बसलं की निघाली.

तेव्हाची एक नावाजलेली गाडी होती ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’. १९०७ पासून ती बनू लागली. एका चार्जिंगमध्ये ८० मैल, म्हणजे साधारण १३० किलोमीटर, अशी तिची जाहिरात असे. एका चाचणीत मात्र ती २११ मैल, म्हणजे ३४० किलोमीटर चालली होती! तरी कंपनी आपली ८० मैलांचंच वचन देत राहिली. हे वाचून मी थोडा वेळ थांबलो. चाचणीत जास्त आणि जाहिरातीत कमी, हा व्यापार आता कुठे पाहायला मिळतो? खुद्द पेट्रोल गाड्यांचा बादशहा हेन्री फोर्ड, त्याची बायको क्लारा १९१४ ची डेट्रॉइट इलेक्ट्रिक वापरत असे.

मग ही गाडी हरली कशी? १९०८ साली फोर्डची ‘मॉडेल टी’ आली आणि तिची किंमत वर्षागणिक उतरत गेली. १९१२ साली कॅडिलॅकमध्ये सेल्फ स्टार्टर बसला आणि हँडल गेलं. त्या सुमारास पेट्रोलची गाडी ६५० डॉलरला मिळे आणि विजेची १७५० ला. ही कारणं पुस्तकांत ठळकपणे असतात. मला त्यांच्या आड असलेलं एक कारण जास्त मोलाचं वाटतं. शहराबाहेर वीजच नव्हती. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या दर दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज पोचली होती. पेट्रोल मात्र डब्यात भरून कुठेही नेता येत होतं. शहरात तासाला वीस मैल धावणारी डेट्रॉइट इलेक्ट्रिक बंगल्यांतल्या बायकांना आणि डॉक्टरांना पुरत होती. शेतकऱ्याने मात्र तिच्याकडे पाहिलंही नाही. कशाला पाहील? त्याचा तेरावा रकाना कोराच होता.

आपल्याकडे चाकांना वीज मिळाली ती तारेतून. मुंबईत ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची आगगाडी सुरू झाली, आणि १९३० साली दख्खनची राणी विजेवर घाट चढून पुण्याला जाऊ लागली. पण या गाड्या तारेखालून जिथवर जाता येईल तिथवरच जायच्या. तार सोडून आडवाटेला लागण्याची सोय त्यांच्यात नव्हती, आणि आमचं गाव तर आडवाटेलाच. लहानपणी दिवेलागणीच्या आधी कंदिलाच्या काचा राखेने पुसायचं काम माझ्याकडे असे, यावरून काय ते समजा.

तारेविना चालणारी भारतीय गाडी आली १९९३ मध्ये. केरळातल्या चालाकुडीच्या एका कंपनीने जपानी मदतीने दोन माणसांची ‘लव्हबर्ड’ बनवली. नाव गोड होतं, पण गाडी फारशी खपली नाही. १९९९ मध्ये महिंद्राने ‘बिजली’ नावाची तीनचाकी आणली. आणि २००१ मध्ये बंगळुरूहून चेतन मैनी यांची ‘रेवा’ रस्त्यावर आली. मोठी दोन माणसं आणि मागे दोन पोरं, एका चार्जिंगमध्ये ८० किलोमीटर, आणि बॅटऱ्या आपल्या इन्व्हर्टरला असतात तशा शिशाच्या, काही वर्षांनी बदलाव्या लागणाऱ्या. भारतात रेवाला लोक हसले. लंडनमध्ये मात्र ती ‘जी-विझ’ या नावाने २००४ पासून चांगली खपली, कारण २००३ मध्ये त्या शहराच्या मध्यभागात शिरणाऱ्या मोटारींवर बसवलेला कर विजेच्या गाड्यांना माफ होता. गाडी तीच होती. एका गावात हसं झालं आणि दुसऱ्या गावात तिचे पैसे वसूल झाले.

आणि त्या वर्षांत आम्ही काय करत होतो? भारनियमनाचं वेळापत्रक पाठ करत होतो. गिरणीवाला फळीवर खडूने वेळ लिहून ठेवायचा आणि बाया त्या वेळेला दळणाचे डबे घेऊन यायच्या. वीज बारा-बारा तास नसायची. मोबाईल चार्ज करायची मारामार, तिथे मोटार कुठून चार्ज करणार? त्या काळी कोणी मला रेवाचा तक्ता पाठवला असता तर मी तो पोरांना विमान करायला दिला असता.

पुढे गावठाणाची वीज शेतीच्या विजेपासून वेगळी केली गेली आणि गावातले दिवे टिकू लागले. माझ्या मते विजेच्या गाडीच्या इतिहासातलं आमच्या भागापुरतं हे सर्वांत मोठं पान आहे, मग त्यावर एकाही गाडीचं चित्र नसलं तरी चालेल. दरम्यान २०१० मध्ये महिंद्राने रेवा कंपनी आपल्या ताब्यात घेतली, शिशाच्या जागी लिथियमच्या बॅटऱ्या आल्या, आणि जानेवारी २०२० मध्ये टाटांची ‘नेक्सॉन ईव्ही’ आली. बॅटरी ३०.२ युनिटची आणि कागदावर ३१२ किलोमीटर. बॅटरीची हमी आठ वर्षांची. इथून पुढे तक्ते करण्यासारखी स्थिती आली.

आता ‘कागदावर’ हा शब्द. पुण्यात एआरएआयची टेकडी अनेकांना फिरायला जाण्यामुळे माहीत असते. तिथली संस्था गाड्या तपासून आकडा देते. गाडी रस्त्यावर नेत नाहीत, रोलरवर चालवतात, ठरावीक वेगाने आणि ठरावीक थांब्यांनी. या ठरावीक चालीचं इंग्रजी लघुरूप एमआयडीसी असं होतं. मला आधी वाटलं, गाडी औद्योगिक वसाहतीत फिरवून आणतात की काय! तपासणीत एसी बंद असतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो, एसी चालू असतो, मागे तीन माणसं असतात आणि मध्येच रस्त्याला खड्डे. म्हणून मी प्रत्येक आकड्याचे दोन-तृतीयांशच धरले. मुलगा म्हणाला, ‘अब्बा, फारच कंजुषी करता.’ मी म्हटलं, डेट्रॉइटवालेही करत होते.

या हिशेबाने तक्ता पुन्हा वाचला. एमजीची ‘कॉमेट’ २०२३ ची, १७.३ युनिटची, कागदावर २३० किलोमीटर. माझ्या हिशेबाने दीडशे. स्वस्त आणि गल्लीबोळात सोयीची, पण तिच्या मागच्या सीटवर आडवं झोपवलेलं माणूस मावत नाही. मी तिच्यावर रेघ ओढली. टाटांची ‘टियागो’ २०२२ ची, मोठ्या बॅटरीची २४ युनिटची, कागदावर ३१५ आणि माझ्याकडे दोनशे दहा. घरच्या १५ अँपियरच्या प्लगवर रात्रभरात भरते. ‘पंच’ जानेवारी २०२४ मध्ये आली तेव्हा मोठी बॅटरी ३५ युनिटची होती. कागदावर ४२१, माझ्याकडे दोनशे ऐंशी. घरच्या प्लगवर तिला मात्र एक रात्र पुरी पडत नाही.

चौथी ‘विंडसर’, सप्टेंबर २०२४ ची, ३८ युनिटची, कागदावर ३३२. जाहिरातीत तिची मागची सीट विमानातल्यासारखी मागे कलते असं मोठ्या अक्षरांत होतं. मुलाला ती चैन वाटली. मला त्या सीटवर कळा देणारी सून दिसली आणि ही गाडी एकदम आवडली. पण ती स्वस्तात मिळते ती बॅटरी भाड्याने घेतली तर, आणि भाडं सुरुवातीला जाहीर झालं ते किलोमीटरला साडेतीन रुपये. शेजाऱ्याला दवाखान्यात नेताना मनात मीटर पडत राहिला तर? आज मी पैसे मागणार नाही, पण पाच वर्षांनी कडी वाजली की मी अंथरुणात क्षणभर हिशेब करीन का, याची मला स्वतःबद्दल खात्री देता येईना. बॅटरीसकट विकत घ्यायची तर किंमत माझ्या आवाक्याबाहेर जाते.

विजेचा खर्चही वाटतो तितका सरळ नाही. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे दीडशेच्या आसपास युनिट. घरगुती बिलाचे टप्पे असतात. शंभर युनिटच्या पुढे दर चढतो, तीनशेच्या पुढे आणखी चढतो. घरचा वापर आणि गाडी मिळून आपण कोणत्या टप्प्यात जातो ते आधी जुनी बिलं काढून पाहावं. पेट्रोलपेक्षा स्वस्तच पडतं, पण लोक बोलतात तेवढं नाही. उलट बाजूला एक गोष्ट जमेची. मेहकरजवळून समृद्धी महामार्ग जातो, आणि राज्याच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या मोटारींना त्यावर टोलमाफी जाहीर झाली. लंडनची गोष्ट आमच्या शिवारापर्यंत आली म्हणायची. फक्त त्या रस्त्यावर शंभर-एकशेवीसच्या वेगाने बॅटरी भराभर उतरते, हे विसरून चालत नाही.

आमच्या गावाला वाहनाची पारख नाही असं नाही. विवेकानंद जयंतीला आश्रमाच्या पंगतीत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पुरी आणि वांग्याची भाजी वाढायला निघते, तेव्हा कोणाचा ट्रॅक्टर कोणत्या कंपनीचा हे कोणी विचारत नाही. मधेच बंद पडणार नाही ना, एवढंच विचारतात.

तेरावा रकाना शेवटी भरून दिला तो बायकोने. मी तिला सांगत होतो की दिवसभर फिरून गाडी चाळीस टक्क्यांवर आलेली असेल आणि त्या रात्री वीज गेली तर पंचाईत. ती म्हणाली, ‘नळ आला की आपण हंडे भरून ठेवतो ना? घरात पाणी आहे म्हणून नळ सोडून देतो का? तसंच करायचं.’ मग मी आकडेमोड केली. पंच निम्मी भरलेली असली तरी एकशे चाळीस किलोमीटर जाते. बुलढाणा होऊन परत येता येतं. टियागो निम्मी असली तर शंभर. रोगी बुलढाण्याला पोचतो, परतीचं मग बघता येतं. रोग्याला जायची घाई असते, यायची नाही.

तर या दोघींवर येऊन गाडी अडली होती, तेव्हा गावातल्या वायरमनला प्लग बघायला बोलावलं. त्याने टेस्टर लावला, मीटरजवळची तार हलवून पाहिली आणि म्हणाला, ‘चाचा, तुमच्या घराले अर्थिंगच नाही. हा चार्जर चालूच होणार नाही.’ तीस वर्षं या घरात पंखा, फ्रिज, गिझर सगळं चाललं, कोणाला पत्ता नव्हता. बारा रकान्यांत तो शब्द नव्हता आणि माझ्या तेराव्यातही नव्हता.

काल अंगणात लिंबाजवळ खड्डा खणला. त्यात तांब्याची पट्टी उभी केली, कोळसा आणि मीठ थर लावून भरलं, वरून चार बादल्या पाणी ओतलं. वायरमनने विचारलं, ‘गाडी कोणती घेऊन राहिले?’ मी म्हटलं, ‘अजून ठरायचं आहे.’ तो म्हणाला, ‘उन्हाळ्यात या खड्ड्यात पाणी टाकत जा.’