कोरलईचे भूशिर आणि कुंडलिकेचे मुख : एका टेकडीच्या रिकामेपणाचा इतिहास

रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे दक्षिण तीरावरून कोरलईची डोंगरसोंड उत्तरेकडे पाण्यात शिरली आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस खाडी आणि समोरच्या तीरावर नारळी-पोफळीच्या बागांत दडलेली रेवदंड्याची तटबंदी, अशी तिची मांडणी आहे. कोळीवाड्यातून जाणारी वाट दीपगृहापाशी संपते. तेथून पायऱ्या चढून गेले की किल्ल्याचा माथा लागतो. पर्यटक या स्थळाकडे बहुधा निसर्गरम्य ठिकाण म्हणून पाहतात आणि तसे पाहण्यात गैर काही नाही. तथापि माथ्यावरून नदीमुखाचे जे संपूर्ण दर्शन घडते, तेच या टेकडीच्या इतिहासाचे मूळ कारण आहे.

चौल हे प्राचीन बंदर. टॉलेमीच्या ग्रंथात त्याचा उल्लेख येतो. दहाव्या शतकात अल् मसूदी येथे येऊन गेला. इ. स. १५०८ मध्ये याच बंदरात इजिप्तचे मामलुक आणि गुजरातचा मलिक अयाज यांच्या संयुक्त आरमाराने पोर्तुगीजांचा पराभव केला. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सु द आल्मैदा याचे जहाज मासेमारीसाठी पाण्यात रोवलेल्या खुंटांत अडकले आणि तो मारला गेला. साम्राज्यांच्या लढाईत स्थानिक मच्छीमारांच्या खुंटांनी असा हात घातला, याची नोंद आरमारी इतिहासात सहसा ओझरतीच येते.

इ. स. १५१६ मध्ये पोर्तुगीजांना चौल येथे वखारीची परवानगी मिळाली आणि इ. स. १५२१ मध्ये त्यांनी उत्तर तीरावर किल्ला बांधावयास घेतला. बुऱ्हाण निजामशहाने ही सवलत दिली, त्यामागे घोड्यांची गरज होती. दख्खनच्या घोडदळास लागणारे अरबी घोडे समुद्रमार्गेच येत आणि त्या मार्गावर आता पोर्तुगीजांचा वचक होता. मात्र दक्षिण तीरावरील टेकडी निजामशहाने त्यांना दिली नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगीजांनी तिची मागणी केली, तेव्हा निजामशाहीने उलट स्वतःच तेथे बांधकामाची तयारी चालविली. प्रकरण हातघाईवर आले आणि अखेरीस टेकडी कोणीच बांधू नये, अशा समझोत्यावर मिटले.

या समझोत्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. दोन्ही सत्तांना टेकडी हवी होती, पण ती दुसऱ्याच्या हाती न जाणे ही त्याहून मोठी गरज होती. तेथे तोफा चढल्या असत्या तर रेवदंड्याचा किल्ला आणि नदीत शिरणारी जहाजे दोन्ही माऱ्याखाली आली असती. टेकडीचे रिकामेपण हाच बंदराच्या शांततेचा पाया होता. मुर्तझा निजामशहाने इ. स. १५७०-७१ मध्ये चौलला प्रदीर्घ वेढा घातला, तरी पोर्तुगीज तग धरून राहिले.

हा तोल दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने मोडला. इ. स. १५९२ च्या सुमारास त्याने टेकडीवर किल्ला उभारून रेवदंड्यावर तोफा डागल्या. पोर्तुगीजांचा जलमार्ग रोखणे हा या बांधकामाचा हेतू होता, हे विजापूरच्या आश्रयाने लिहिणाऱ्या फिरिश्त्याच्या वृत्तांतातूनही स्पष्ट होते. सप्टेंबर १५९४ मध्ये इतर ठाण्यांतून कुमक मागवून पोर्तुगीजांनी हल्ला चढविला आणि किल्ला जिंकला. या लढाईतील मृतांचा दहा हजारांचा आकडा पोर्तुगीज परंपरेत सांगितला जातो. तो जागेवर ताडून पाहावा असा आहे. सोंड इतकी अरुंद आहे की माथ्यावर चालताना दोन्ही बाजूंचे पाणी दिसत राहते. निजामशाही फौजेचा मोठा भाग पायथ्याशी तळ देऊन असेल, हे मान्य केले तरी आकडा विजेत्यांच्या उत्साहाचा वाटतो. लिखित साधनांची अशी तपासणी ग्रंथालयात बसून होत नाही. त्यासाठी टेकडी चढावी लागते.

पुढील सुमारे दीडशे वर्षे किल्ला पोर्तुगीजांकडे राहिला. वसई मे १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकल्यावर उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचा कणाच मोडला. इ. स. १७४० च्या तहाने, इंग्रजांच्या मध्यस्थीने, चौल व कोरलई मराठ्यांकडे आले. त्या वेळेपर्यंत चौलचा व्यापार मुंबई व सुरतेकडे वळला होता. बंदरच उतरणीला लागल्यावर त्याच्या मुखावरील पहाऱ्याला अर्थ उरला नाही. आज माथ्यावर छप्पर हरवलेले चर्च, पाण्याचे टाके आणि महादेवाचे छोटे देऊळ एकमेकांच्या सान्निध्यात उभे आहेत.

पोर्तुगीज गेले, पण पायथ्याच्या गावातील ख्रिस्ती वस्ती राहिली आणि तिच्यासोबत तिची बोलीही राहिली. पोर्तुगीज शब्दसंपत्तीची ही मिश्रभाषा बोलणारे तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, म्हणतात. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी इ. स. १९९६ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. शब्द पोर्तुगीज असले तरी वाक्यात क्रियापद मराठीप्रमाणे शेवटी येते. अडीचशे वर्षे शासकीय आधाराविना ही बोली टिकली, याचे एक कारण गावाचे एकाकीपण होते. रेवदंड्यास जायचे तर पाणी ओलांडावे लागे. १९८० च्या दशकात खाडीवर पूल झाला आणि शिक्षण, नोकरी व बाजार यांची भाषा म्हणून मराठी घराघरांत अधिक शिरली.

आता त्याच पुलावरून पर्यटकांची वाहने येतात. बहुतेक वाहने गावात न थांबता थेट दीपगृहाच्या रस्त्याला लागतात. किल्ल्याचे चिरे मोजले जातात, बुरुजांची छायाचित्रे निघतात; बोलीची नोंद मात्र परदेशी विद्यापीठातील संशोधकाने अधिक नेटाने घेतली. कोकणातील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांना हे क्षेत्र एका दिवसाच्या सहलीइतक्या अंतरावर आहे आणि ही बोली सहजपणे बोलणारी माणसे अद्याप गावात आहेत.