उपकंत्राटदार : आरोग्य, सुरक्षा व पर्यावरण जबाबदारी

मोठ्या बांधकामात मुख्य कंत्राटदार सेंट्रिंग, लोखंडकाम, रंगकाम, वायरिंग अशी कामे लहान उपकंत्राटदारांकडे सोपवतो. ते बहुधा मुकादमामार्फत मजूर आणतात. काम असे खाली उतरत जाते, तरी भारतीय कायद्यात मूळ मालकाची जबाबदारी त्यासोबत संपत नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कंत्राटी कामगार अधिनियम, १९७० नुसार पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे, प्रथमोपचार या सोयी कंत्राटदाराने न पुरवल्यास मूळ मालकाने त्या पुरवून खर्च त्याच्याकडून वसूल करावयाचा असे. तेव्हापर्यंतच लागू असलेल्या इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम, १९९६ मध्ये ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत कामगार प्रतिनिधींसह सुरक्षा समिती आवश्यक ठरवली होती.

व्यवस्थापनाची खरी सुरुवात निविदेपासून होते. हेल्मेट, सुरक्षा पट्टे, जाळ्या व प्रशिक्षण यांचा खर्च निविदेत स्वतंत्र धरला नाही, तर सर्वांत कमी दराच्या चढाओढीत पहिली काटछाट तिथेच होते. अपघातानंतर उपकंत्राटदाराला दंड करून ही चूक भरून निघत नाही.

कामावर एकाच्या कृतीचा धोका दुसऱ्याच्या मजुराला पोचतो. एका गटाने काढलेला परांचीचा कठडा दुसऱ्या गटाच्या जिवावर बेततो. म्हणून उंचीवरील काम, वेल्डिंग व खोल खोदाई यांचे कार्यपरवाने मुख्य कंत्राटदाराने एकाच ठिकाणाहून द्यावेत. नव्या मजुराला त्याच्या भाषेत धोके समजावणे अनिवार्य मानावे.

राडारोडा, रंगांचे डबे व वापरलेले तेल कोणी उचलायचे, हेही करारातच लिहिलेले असावे.