सेरोटोनिनचा पत्ता शिंपल्याने दिला!

सेरोटोनिन म्हटलं की आपल्याला मूड, डिप्रेशन, गोळ्या असलं काहीतरी आठवतं. पण १९५०च्या सुमारास ते फक्त रक्तात सापडणारं, रक्तवाहिन्या आकुंचित करणारं रसायन म्हणून माहीत होतं. मेंदूशी त्याचं नातं जुळलं ते एका शिंपल्यामुळे.

हार्वर्डमध्ये बेटी ट्वारॉग ही पीएचडीची विद्यार्थिनी मसल नावाच्या समुद्री शिंपल्याच्या एका स्नायूवर काम करत होती. स्नायू मोठा हट्टी. अ‍ॅसिटिलकोलीन दिलं की आवळतो, आणि ते धुऊन काढलं तरी आवळलेलाच राहतो. कुलूपच लागतं म्हणा ना! मग किल्ली कुठली? सेरोटोनिन टाकलं आणि स्नायू सैल पडला. म्हणजे शिंपल्याच्या नसा हेच रसायन निरोप द्यायला वापरत असणार.

१९५२ मध्ये तिने पेपर पाठवला. छापून आला १९५४ मध्ये. (माझा कोड रिव्ह्यू दोन दिवस अडकला तरी मी टीमचं डोकं खातो.)

पण ती वाट बघत बसली नाही. शिंपल्यात आहे, तर सस्तन प्राण्यांच्या मेंदूत का नसेल? ती क्लीव्हलँडला आयर्विन पेज यांच्याकडे गेली. सेरोटोनिन १९४८ मध्ये रक्तातून वेगळं केलं होतं ते त्यांच्याच लॅबने. तिचं म्हणणं त्यांना फारसं पटलं नव्हतं, तरी त्यांनी काम करायला जागा दिली. हे मला फार आवडतं.

आता इतकं थोडं रसायन मोजायचं कसं? तर पुन्हा शिंपल्यानेच! आपल्या तिसऱ्यांच्याच कुळातल्या एका अमेरिकन शिंपल्याचं हृदय काढून खारट पाण्यात ठेवलं तरी धडधडत राहतं, आणि सेरोटोनिनचा अंश लागला की जोरात ठोके देतं. जिवंत सेन्सर! १९५३ मध्ये ट्वारॉग आणि पेज यांनी सस्तन प्राण्यांच्या मेंदूत सेरोटोनिन असल्याचं दाखवलं.

अडचण एकच. अर्क काढायचा म्हणजे ऊती वाटून टाकायची. रसायन किती आहे ते कळतं, नेमकं कुठल्या पेशीत आहे ते नाही. तो मार्ग १९६२ मध्ये स्वीडनच्या फाल्क आणि हिलार्प यांनी काढला. ऊती गोठवून सुकवायची, फॉर्मल्डिहाइडची वाफ द्यायची, आणि फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली बघायचं. सेरोटोनिन पिवळं चमकतं, डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन हिरवं.

पुढच्याच वर्षी ही पद्धत समुद्रफुलावर, म्हणजे सी अ‍ॅनिमोनीवर वापरली गेली. त्याला मेंदू नसतो, नसांचं नुसतं जाळं असतं. त्या जाळ्यातल्याही काही पेशी चमकल्या.