मीटरगेजवरून सार्डिनिया

परवा ऑफिसात जेवताना टीममधल्या एकीने सार्डिनियाच्या ट्रिपचे फोटो दाखवले. भूमध्य समुद्रातलं हे इटलीचं बेट. तिथे ‘ट्रेनिनो वेर्दे’ नावाची छोटी हिरवी गाडी आहे. डोंगरातून, ओकच्या झाडांमधून, जवळजवळ सायकलच्या वेगाने जाते म्हणे. मांदास ते आर्बाताक्स हा तिचा एक मार्ग जेमतेम १६० किलोमीटरचा, पण अख्खा दिवस त्यातच घालवावा असा. रुळांची रुंदी ९५० मिलिमीटर. “स्लो ट्रॅव्हल रे, एकदम ऑथेंटिक!” इति ती.

आता मी पडलो परभणीचा. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ऐकत मोठा झालेला. माझ्या डोक्यात पहिला विचार काय यावा? ९५० मिलिमीटर? आमची तर चांगली १००० मिलिमीटरची होती! :)

मनमाड ते सिकंदराबाद ही आमची लाइन १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाली. ‘हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे’ असं तिचं भारदस्त नाव. मुलूख निजामाचा, आणि रूळ मीटरगेज, कारण ते स्वस्तात पडत. मनमाडला मात्र मुंबईकडून आलेली ब्रॉडगेज, म्हणजे १६७६ मिलिमीटरची. दोन्ही रूळ एका स्टेशनात येत, पण एकाचा डबा दुसऱ्यावर चालणार कसा? आपल्या भाषेत सांगायचं तर दोन सिस्टिम, आणि मध्ये इंटरफेसच नाही. तो इंटरफेस म्हणजे हमालाची पाठ. सेलू, मानवत, परभणी ही कापसाची गावं. इथून निघालेली कापसाची गाठ मनमाडला एका वाघिणीतून उतरवायची आणि दुसऱ्या वाघिणीत चढवायची. माणसांनीही तसंच करायचं. बोचकी, ट्रंका, पोरंबाळं घेऊन रात्री-अपरात्री उतरा आणि पुढच्या गाडीची वाट बघा.

हे नव्वद वर्षं चाललं. बंदरापर्यंत सलग रूळ नाहीत, म्हणून मोठे कारखाने येत नाहीत. कारखाने नाहीत, म्हणून पोरं गाव सोडून जातात. मराठवाड्याच्या मागासपणाची चर्चा निघाली की हा मुद्दा यायचाच. हैदराबाद मुक्तिसंग्रामातले नेते गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने ब्रॉडगेजची मागणी लावून धरली. म्हणजे बघा, एका अख्ख्या प्रदेशाने वेग मिळावा म्हणून चळवळ केली! १९९० च्या दशकात मनमाड-परभणी ब्रॉडगेज झाली. पूर्णा-अकोला मार्ग मात्र २००८ पर्यंत थांबला. आज तपोवन किंवा देवगिरीत बसलं की मनमाडला झोपमोडही होत नाही.

गंमत म्हणजे ‘स्लो’ची टूम ज्या देशातून निघाली, तिथेही ती वेग मिळाल्यानंतरच निघाली. १९८६ साली रोममध्ये स्पॅनिश स्टेप्सजवळ मॅकडोनाल्ड्स उघडणार म्हणून लोक चिडले आणि त्यातून कार्लो पेत्रिनी यांची ‘स्लो फूड’ चळवळ उभी राहिली. पुढे जेवणावरून गावं आली, गावांवरून प्रवास आला. त्याआधी हळू गाडीतून जाणाऱ्याला तिचं कौतुक असायचंच असं नाही. डी. एच. लॉरेन्स हा इंग्रज लेखक जानेवारी १९२१ मध्ये बायकोबरोबर सार्डिनियात याच छोट्या गाड्यांनी मांदास, सोर्गोनो असा फिरला आणि त्यावर पुस्तक लिहिलं. निसर्गावर तो खूश होता, पण सोर्गोनोच्या खाणावळीवर मात्र भयंकर वैतागला होता. आणि तो तर आठ-दहा दिवसांचा पाहुणा! विसाव्या शतकात कामाच्या शोधात सार्डिनिया सोडून गेलेल्या हजारो माणसांनी त्या गाडीबद्दल काय म्हटलं असतं, कोण जाणे.

हा सगळा विषय मी रविवारी फोनवर आजोबांना सांगितला. आजोबा सेलूला जिनिंगमध्ये कारकून होते. मनमाडच्या फलाटावर त्यांनी किती रात्री काढल्या असतील त्याला गणती नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हळू जायला येगळे पैसे द्यायलेत व्हय रे? आम्ही तर साध्या तिकिटात जायचो.”

यावर मी काय बोलणार?

पण मग मीच त्यांना कात्रीत पकडलं. रिटायर झाल्यावर हेच आजोबा शेगावच्या गजानन महाराजांच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी गेले होते. ही पालखी शेगावहून निघून महिनाभराहून जास्त चालते. ती वाटेत परभणीत येते, मग गंगाखेडला गोदावरीकाठी येते आणि पुढे परळीकडे वळते. गंगाखेड म्हणजे संत जनाबाईंचं गाव. परंपरेप्रमाणे सातशे वर्षांपूर्वी ती लहानगी इथूनच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी गेली. आजोबा गंगाखेडला दिंडीत सामील झाले होते. पायाला फोड आले, पावसात भिजले, कुणाच्या तरी ओसरीवर झोपले. घरच्यांनी एसटीने परत या म्हणून निरोप धाडले, तरी आले नाहीत.

म्हटलं, “आबा, मीटरगेजला शिव्या देता आणि तिच्याहून हळू, पायी जाता. हे कसं?”

ते म्हणाले, “दिंडीत मी आपल्या मनानं गेलतो बाबा. मनमाडला मला बसवून ठेवलं हुतं.”

मला वाटतं सगळा फरक इथेच आहे. वेग परवडत असताना आपण होऊन हळू जाणं हे एक, आणि दुसरं काही हातातच नाही म्हणून हळू जाणं हे वेगळं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि फोटोही सारखेच छान येतात. मध्य प्रदेशात पाताळपाणी ते कालाकुंड अशी मीटरगेजची हेरिटेज गाडी २०१८ साली सुरू झाली. आमच्या पूर्णेहून अकोला, खंडवा, इंदूर करत जयपूरला जाणाऱ्या मीनाक्षी एक्स्प्रेसचा तोच जुना मार्ग. एकेकाळी ज्यांना दुसरा इलाज नव्हता ते लोक त्या घाटातून जायचे, आणि आता मोठमोठ्या खिडक्यांच्या डब्यात बसून लोक धबधबा बघायला जातात. त्यात वाईट काहीच नाही. मलाही जायचंय.

सार्डिनियालाही जायचंय हो, पैसे साठले की! फक्त त्या गाडीतून दिसणाऱ्या गावांना ‘ऑथेंटिक’ म्हणण्याआधी तिथल्या एखाद्या आजोबांना विचारीन म्हणतो, की तुम्ही या गाडीत हौसेने बसायचात की नाइलाजाने? इटालियन येत नाही, पण आबांना बरोबर नेलं तर दोघांचं जमेल बहुतेक.

तोवर येत्या आषाढात गंगाखेडपासून निदान एक मुक्काम चालायचा विचार आहे. कुणी येणार असाल तर सांगा. मनमाडला गाडी बदलावी लागणार नाही, याची खात्री देतो. :)