जहाजाचे चित्र पुरावा म्हणून कसे वाचावे?

जुने चित्र इतिहासाचा पुरावा ठरते का? या पाठात आपण हा प्रश्न अमेरिकी लोककलेतील शिडाच्या युद्धनौकांच्या चित्रांना विचारू. ही चित्रे कला अकादमीच्या दालनांसाठी नव्हती. बंदरातल्या आणि गावातल्या गिऱ्हाइकांच्या भिंतींसाठी होती.

घटना

१९ ऑगस्ट १८१२ रोजी अटलांटिक महासागरात अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ब्रिटिशांच्या ‘गेरियर’चा पराभव केला. ‘गेरियर’च्या डोलकाठ्या कोसळल्या आणि दुसऱ्या दिवशी ती पेटवून द्यावी लागली. ‘कॉन्स्टिट्यूशन’च्या जाड ओक लाकडावरून तोफगोळे उसळून परतले, म्हणून तिला ‘ओल्ड आयर्नसाइड्स’, म्हणजे लोखंडी बाजूंची, हे टोपणनाव पडले.

दोन चित्रकार

मिकेले फेलिचे कॉर्ने १८०० मध्ये इटलीहून सेलम बंदरात आला. त्याने ही लढाई चार चित्रांत टप्प्याटप्प्याने दाखवली. त्याची गिऱ्हाइके जहाजमालक आणि कप्तान होती. एक दोर चुकला तरी त्यांच्या नजरेत येई. अशा चित्रांत जहाज बहुधा पूर्ण बाजूने दिसते. तुम्ही इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये काढता तो साइड व्ह्यू आठवा. त्यातून लांबी, डोलकाठ्या, तोफांच्या खिडक्या कळतात. रुंदी मात्र कळत नाही.

थॉमस चेम्बर्सचा जन्म १८०८ मध्ये इंग्लंडमधील व्हिटबी बंदरात झाला. लढाईच्या वेळी तो तीन-चार वर्षांचा होता. तो १८३२ मध्ये अमेरिकेत आला आणि १८४५ च्या सुमारास त्याने हीच लढाई रंगवली. ते चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. चेम्बर्स अनेकदा छापील चित्रांवरून काम करी. ठसठशीत रंग आणि नक्षीसारख्या लाटा ही त्याची खूण.

मग चेम्बर्सचे चित्र खोटे का? नाही. ते १८१२ च्या समुद्राबद्दल फार काही सांगत नाही. १८४० च्या दशकातील अमेरिकेबद्दल सांगते. १८३० मध्ये ही नौका मोडीत निघणार अशी बातमी पसरताच लोकांनी इतकी ओरड केली की ती वाचली. आजही ती बॉस्टनमध्ये आहे. चेम्बर्सने रंगवली ती लोकांच्या मनातली नौका.

लक्षात ठेवा

कोणत्याही चित्राला तीन प्रश्न विचारा: कोणी, कोणासाठी आणि कशावरून काढले? उत्तरे मिळाली की ते चित्र नेमके कशाचा पुरावा आहे, हे ठरवता येते.

स्वाध्याय: तुमच्या पाठ्यपुस्तकातील एखादे लढाईचे चित्र निवडा आणि हेच तीन प्रश्न त्याला विचारा.