इंग्रजी भाषाचाचण्या : व्याकरण व श्रवण यांचा सराव

इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांचे इंग्रजी तपासणाऱ्या परीक्षांसाठी व्याकरण आणि ऐकून समजणे या दोन अंगांची करावयाची तयारी. परदेशी विद्यापीठातील प्रवेश, व्हिसा, परिचारिका किंवा डॉक्टर म्हणून नोंदणी, कंपनीतील बढती अशा कामांसाठी या परीक्षांचे गुण मागितले जातात. आयईएलटीएस, टोफेल, पीटीई अकॅडेमिक, टोइक, ओईटी आणि केंब्रिजच्या परीक्षा ही त्यांतली ठळक नावे. व्याकरणाचा तास वेगळा आणि हेडफोन लावून ऐकण्याचा तास वेगळा, अशी विभागणी बहुतेक क्लासांत असते. शिकवणाऱ्यांना ती सोयीची असली, तरी परीक्षा देणाऱ्याच्या फारशी कामाची नाही. जे रूप व्याकरणात पक्के नाही ते कानालाही नीट ऐकू येत नाही.

केंब्रिज विद्यापीठाने 1913 मध्ये ‘सर्टिफिकेट ऑफ प्रोफिशियन्सी इन इंग्लिश’ ही परीक्षा सुरू केली. ती मुख्यतः परदेशांत इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी होती. पहिल्या वर्षी तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. सुमारे बारा तासांच्या या परीक्षेत भाषांतर, व्याकरण, निबंध, साहित्य आणि ध्वनिशास्त्र होते. तोंडी भागात श्रुतलेखन, मोठ्याने वाचन आणि संभाषण होते. म्हणजे परीक्षकाने वाचायचे आणि उमेदवाराने ऐकून लिहायचे, हा प्रकार या परीक्षांत पहिल्यापासून आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत वेगळे वारे वाहू लागले. भाषा ध्वनी, शब्द आणि रचना अशा सुट्या घटकांची बनलेली आहे, तेव्हा एका प्रश्नाने एकच घटक तपासावा, असा विचार पुढे आला. रॉबर्ट लाडो यांच्या 1961 मधील ‘लँग्वेज टेस्टिंग’ या ग्रंथाने त्याला नेटकी चौकट दिली. लाडो यांना श्रुतलेखन पसंत नव्हते. शब्द परीक्षकच पुरवतो, त्यांचा क्रमही तोच सांगतो, मग तपासायचे काय राहिले, असा त्यांचा सवाल होता. 1964 मध्ये सुरू झालेली टोफेल याच वातावरणात घडली. गाळलेल्या जागेसाठी चार पर्याय, किंवा वाक्यातील चार अधोरेखित शब्दांपैकी चुकीचा कोणता ते ओळखणे, हे तिच्या व्याकरण विभागाचे ठरलेले साचे होते. आपल्याकडे बँकेच्या आणि स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षा दिलेल्यांना ते लगेच ओळखू येतील.

लाडो यांच्या सवालाला 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन ऑलर यांनी उत्तर दिले. श्रुतलेखनातील गुण इतर विभागांच्या गुणांशी चांगले जुळतात, असे त्यांनी दाखवून दिले. नैसर्गिक वेगाने बोललेल्या वाक्यातले सगळे ध्वनी कानावर पडतच नाहीत. ऐकणारा मधल्या फटी आपल्या व्याकरणाच्या आधारे भरतो आणि वाक्य पुन्हा उभे करतो. ज्याला रचना येत नाही त्याच्या फटी तशाच राहतात. विल्सन टेलर यांनी मजकुराची वाचनसुलभता मोजण्यासाठी 1953 मध्ये मांडलेली ‘क्लोझ’ पद्धत, म्हणजे ठरावीक अंतराने शब्द गाळून ते भरायला लावणे, हीही ऑलर यांनी याच कारणासाठी उचलून धरली. पुढे त्यांनी सगळी भाषिक क्षमता एकाच सामान्य गुणात गोळा करण्याचा प्रयत्न केला. तो टिकला नाही, पण श्रुतलेखनाबद्दलचे त्यांचे म्हणणे टिकले.

आज व्याकरणाचा वेगळा पेपर मोठ्या परीक्षांतून बराचसा गेला आहे. 2005 मध्ये टोफेल इंटरनेटवर आली तेव्हा व्याकरण विभाग काढून बोलण्याचा विभाग घालण्यात आला. 1989 पासून या नावाने चालणाऱ्या आयईएलटीएसमध्येही व्याकरणाचा पेपर नाही. लेखन आणि संभाषण या दोन्ही विभागांत परीक्षक चार निकष लावतात आणि त्यांतला एक व्याकरणाची व्याप्ती व अचूकता हा असतो. जपानच्या मागणीवरून तयार झालेली आणि 1979 मध्ये सुरू झालेली टोइक मात्र जुन्या वळणाची राहिली. तिच्या ऐकण्या-वाचण्याच्या परीक्षेत 200 प्रश्न असतात : 45 मिनिटांत श्रवणाचे 100 आणि 75 मिनिटांत वाचनाचे 100. वाचनाच्या भागात व्याकरण व शब्दांवरच्या गाळलेल्या जागा अजून आहेत. दक्षिण कोरियातील विद्यापीठ प्रवेशपरीक्षेत इंग्रजीच्या 45 पैकी 17 प्रश्न श्रवणाचे असतात. ध्वनिफीत चालू असताना आवाजाचा व्यत्यय नको म्हणून देशभर विमानांची उड्डाणे आणि उतरणी सुमारे 35 मिनिटे थांबवतात. श्रवणाला इतका मान दुसरीकडे कुठे मिळत असेल असे वाटत नाही.

आयईएलटीएसच्या श्रवण विभागात चार भाग आणि 40 प्रश्न असतात. ध्वनिमुद्रण सुमारे अर्ध्या तासाचे असते आणि ते एकदाच ऐकवले जाते. पहिला भाग दोन व्यक्तींमधील व्यवहारातला संवाद, दुसरा एकाच व्यक्तीचे माहितीपर निवेदन, तिसरा शिक्षणाशी संबंधित चर्चा, चौथा व्याख्यान. उच्चार ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, उत्तर अमेरिकन असे मिश्र असतात. कागदावरील परीक्षेत उत्तरे उतरवायला शेवटी दहा मिनिटे मिळतात, संगणकावरील परीक्षेत फक्त तपासायला दोन मिनिटे. 40 पैकी साधारण 23 उत्तरे बरोबर आली तर सहा बँड, 30 ला सात आणि 35 ला आठ, असा ढोबळ हिशेब आहे. स्पेलिंग चुकले की गुण गेला, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही वळणे चालतात. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ अशी सूचना असताना तीन लिहिले तरी गुण जातो. बोलणारा मुद्दाम आधी एक उत्तर देतो आणि मग ते फिरवतो : सहल मंगळवारी ठरवू म्हणतो, त्या दिवशी हॉल रिकामा नाही हे आठवून गुरुवार पक्का करतो. मंगळवार ऐकताच पेन टेकवून मोकळा झालेला उमेदवार इथे फसतो.

या विभागात व्याकरण दिसत नाही, पण ते जागोजाग लपलेले असते. गाळलेल्या जागेआधी ‘अ’ असेल तर पुढे एकवचनी नाम येणार. ‘मेनी’ असेल तर अनेकवचन, आणि शेवटचा ‘स’ ऐकू आला नाही तरी तो लिहायचाच. ‘ही’ज’ हे ‘ही इज’ आहे की ‘ही हॅज’, हे कान सांगू शकत नाही, पुढच्या क्रियापदाचे रूप सांगते. ‘ही’ड गॉन’ म्हटले तर ‘हॅड’ आणि ‘ही’ड गो’ म्हटले तर ‘वुड’. ‘दे वॉक्ट टू स्कूल’ मधला भूतकाळाचा ‘ट’ पुढच्या ‘ट’ मध्ये विरून जातो. काळ ठरवायला वाक्यातल्या ‘यस्टर्डे’ किंवा ‘एव्हरी डे’चा आधार घ्यावा लागतो. अमेरिकन बोलण्यात ‘कॅन्ट’चा शेवटचा ‘ट’ अनेकदा पुरता उमटत नाही. तिथे होकार-नकाराचा भेद स्वरावरून ओळखायचा असतो : होकारी ‘कॅन’ आखडून ‘क्न’ होतो, नकारीतला स्वर पूर्ण वाजतो.

मराठी भाषकाच्या अडचणी थोड्या वेगळ्या आहेत. आपल्या बोलण्यात प्रत्येक अक्षराला बहुतेक सारखे वजन मिळते. इंग्रजीत आघाताचे अक्षर ठळक होते आणि बाकीची चेपली जातात. ‘फोटोग्राफ’ ऐकलेल्याला ‘फटॉग्रफर’ हा निराळाच शब्द वाटतो तो यामुळे. ‘ऑफ’, ‘टू’, ‘हॅव’, ‘द’ असे छोटे शब्द तर जवळजवळ श्वासासारखे निघून जातात. इंग्रजी शिकणारे आशयाचे शब्द पकडतात आणि असे जोडणारे शब्द जास्त गमावतात, हे जॉन फील्ड यांच्या 2008 मधील अभ्यासात दिसून आले. मराठीत उपपदे नाहीत, त्यामुळे ‘अ’ आणि ‘द’ निसटल्याचे आपल्याला जाणवतही नाही. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांतला फरक आघातावरून ओळखा, असे शिकवले जाते. ‘थर्टीन पीपल’ म्हणताना मात्र आघात पहिल्या अक्षरावर सरकतो आणि ही युक्ती निकामी होते. मग दुसऱ्या अक्षराची लांबी आणि शेवटचा ‘न’ यांवरच भिस्त.

सर्वांत जास्त गुण खाणारी जागा ‘हॅव बिन’ ही आहे. ‘मी तीन वर्षांपासून पुण्यात राहतो’ याचे आपल्या तोंडी सहज येणारे इंग्रजी म्हणजे ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स थ्री इयर्स’. इथे इंग्रजीला ‘हॅव बिन लिव्हिंग’ आणि ‘फॉर’ हवे. ज्याच्या स्वतःच्या बोलण्यात ही रचना नाही त्याला दुसऱ्याच्या बोलण्यातला ‘आय’व्ह बिन’ हा ‘आय बिन’ किंवा नुसता ‘आय’ असा ऐकू येतो. कान तयार नाही, असे निदान करून त्याला आणखी पन्नास ध्वनिफिती ऐकायला दिल्या तर उपयोग होत नाही.

म्हणूनच दोन्हींचा सराव एकत्र करण्याचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा मार्ग अजूनही श्रुतलेखन हाच आहे. उत्तरांसह छापील संहिता असलेले ध्वनिमुद्रण निवडावे आणि त्यातला मिनिटभराचा तुकडा घ्यावा. आधी तो न थांबवता ऐकून विषय समजून घ्यावा. मग वाक्यावाक्याला थांबून लिहावे, दोन-तीन वेळा फिरवून ऐकावे आणि शेवटी संहितेशी ताडून पाहावे. ‘द रिझल्ट्स विल हॅव बिन पब्लिश्ट बाय देन’ हे वाक्य घ्या. ते ‘द रिझल्ट विल बिन पब्लिश बाय देन’ असे कागदावर उतरले, तर एका वाक्यात तीन चुका झाल्या : अनेकवचनाचा ‘स’, मधला ‘हॅव’ आणि क्रियापदाचे तिसरे रूप. तिन्ही ध्वनी हळू होते हे खरे. पण ‘विल बिन’ अशी रचना इंग्रजीत असूच शकत नाही, हे ज्याला ठाऊक आहे तो न ऐकलेला ‘हॅव’ही लिहील. प्रत्येक चुकीपुढे कारण नोंदवावे : शब्दच माहीत नव्हता, माहीत होता पण ओळखू आला नाही, की ऐकू आला पण रूप चुकले. पहिल्या कारणाला शब्दसंग्रह, दुसऱ्याला पुन्हा ऐकणे आणि तिसऱ्याला व्याकरणाचे पुस्तक हा उपाय आहे. चुकलेला तुकडा बोलणाऱ्याच्या मागोमाग त्याच लयीत मोठ्याने म्हटला तर आघाताची सवय लवकर होते. दुभाष्यांच्या प्रशिक्षणातून आलेली ही रीत जपानमध्ये बरीच रूढ आहे.

नमुना प्रश्नपत्रिका एकामागून एक सोडवत जाणे हा सराव नव्हे. प्रश्न सोडवून गुण कळतात, कोणता ध्वनी कुठे हुकला ते कळत नाही. वर उल्लेखिलेल्या फील्ड यांनी ‘लिसनिंग इन द लँग्वेज क्लासरूम’ या पुस्तकात हीच तक्रार वर्गातल्या शिकवण्याबद्दल केली आहे : ऐकवायचे, प्रश्न विचारायचे आणि पुढे जायचे, यात ऐकायला कोणी शिकवतच नाही. परीक्षेची ओळख व्हावी, वेळ सांभाळता यावा, इतपत नमुना पेपर जरूर सोडवावेत.

श्रुतलेखन आता परीक्षांत उघडपणे परतले आहे. 2009 मध्ये आलेल्या पीटीई अकॅडेमिकमध्ये वाक्य एकदाच ऐकून टाइप करण्याचा प्रश्न असतो. प्रत्येक बरोबर शब्दाला गुण मिळतो आणि तो श्रवण व लेखन या दोन्ही खात्यांत जमा होतो. उत्तरे यंत्र तपासते. या प्रश्नात येऊन गेलेली वाक्ये गोळा करून पाठ करून घेणारे क्लासही निघाले आहेत. नेमके तेच वाक्य आले नाही तर अशा पाठांतराचा उपयोग शून्य. ओईटी या आरोग्यसेवकांच्या परीक्षेत श्रवणाच्या 42 पैकी पहिले 24 प्रश्न रुग्णाशी झालेले बोलणे ऐकून टिपणे पूर्ण करण्याचे असतात. परिचारिकेच्या रोजच्या कामाशी इतका जवळचा प्रश्न दुसऱ्या परीक्षेत सापडणे कठीण.

महाराष्ट्रात व्याकरणाच्या बाजूची परंपरा भक्कम आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर मराठी घरांतल्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात काम केलेले आणि पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले पी. सी. रेन यांनी एच. मार्टिन यांच्यासह लिहिलेले व्याकरण ‘रेन अँड मार्टिन’ या नावाने आजही खपते. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी 2000 मध्ये आले. तरी स्पर्धापरीक्षांतले इंग्रजी कागदावरचेच राहिले, त्यात ऐकण्याचा प्रश्न नसतो. त्यामुळे कर्मणी प्रयोगाची वीस वाक्ये बिनचूक बदलणारा विद्यार्थी, तीच रचना कोणी वेगाने बोलले की गोंधळतो. स्वयंअध्ययनासाठी रेमंड मर्फी यांचे 1985 मध्ये प्रथम निघालेले ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ रेन अँड मार्टिनपेक्षा जास्त उपयोगी आहे. त्यात डाव्या पानावर स्पष्टीकरण, उजव्या पानावर प्रश्न आणि शेवटी उत्तरे अशी मांडणी आहे, आणि वाक्ये आजच्या बोलण्यातली आहेत. तीच वाक्ये कोणाकडून वाचून घेऊन ऐकून लिहिली तर एका पुस्तकात दोन्ही कामे होतात.

आयईएलटीएस, टोफेल आणि पीटीई या तिन्ही परीक्षांचे गुण साधारणपणे दोन वर्षे ग्राह्य धरले जातात. त्यामुळे अर्जाची तारीख नक्की झाल्यावर परीक्षेचा दिवस ठरवावा. सरावाला मात्र तारखेची वाट पाहू नये.