आठ इंचांची स्कूटर आणि आपले खड्डे

तुम्ही आत्ता बसमध्ये, लोकलमध्ये किंवा घरी भांडी घासत हा एपिसोड ऐकत असाल तर उत्तम. स्कूटर चालवत ऐकत असाल, तर आधी बाजूला घ्या, इयरफोन काढा आणि घरी पोचल्यावर ऐका. कारण आजचा विषय स्कूटरचाच आहे.

आज एक छोटं काम करा. पार्किंगमधल्या कुठल्याही स्कूटरजवळ वाका आणि पुढच्या टायरच्या बाजूला काय छापलंय ते वाचा. ९०/१००-१० किंवा ९०/९०-१२ असं काहीतरी दिसेल. शेवटचा आकडा म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. मोटरसायकलवर तिथे बहुतेक वेळा १७ किंवा १८ असतं. स्कूटरवर १० किंवा १२. आजोबांच्या काळातल्या स्कूटरवर तर ८ सुद्धा असायचं.

आता प्रश्न असा, की रस्ता तोच, खड्डे तेच, मग स्कूटरचं चाक एवढं लहान का? ते कुणी ठरवलं? उत्तर शोधायला आपल्याला इटलीत जावं लागेल, आणि तेही दुसरं महायुद्ध संपल्या संपल्या.

पोंतेदेरा नावाचं गाव. तिथे पियाजिओ कंपनीचा विमानांचा कारखाना होता. युद्धात त्यावर बॉम्ब पडले, आणि युद्ध हरलेल्या इटलीत लढाऊ विमानांना गिऱ्हाईक कुठून येणार? मालक एन्रिको पियाजिओ यांनी ठरवलं, की लोकांना स्वस्त दुचाकी हवीय, ती बनवू. काम दिलं कोरादीनो दास्कानिओ या इंजिनिअरला. हा माणूस हेलिकॉप्टरवाला. १९३० साली त्याच्या हेलिकॉप्टरनं विक्रम केले होते. मोटरसायकल मात्र त्याला अजिबात आवडायची नाही. साखळीचं तेल कपड्यांना लागतं, बसायला टांग टाकावी लागते, पंक्चर झालं की चाक काढणं म्हणजे डोक्याला ताप.

म्हणून त्यानं सगळंच उलट केलं. इंजिन मागच्या चाकाशेजारी लपवलं, साखळी काढून टाकली, गिअर हँडलवर आणला, पुढे पायांना आडोसा दिला आणि मधे सपाट जागा ठेवली, म्हणजे स्कर्ट घातलेली बाईही सहज बसेल. आणि चाक? विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूनं धरलं. चार-पाच नट काढले की चाक हातात. एप्रिल १९४६ मध्ये पेटंटचा अर्ज झाला, आणि जगाला व्हेस्पा मिळाली. टायर ३.५०-८, म्हणजे रिम आठ इंचांची.

चाक लहान ठेवल्यामुळे काय काय साधलं बघा. पाय ठेवायची जागा खाली आली. गाडी आटोपशीर झाली. पुढचं आणि मागचं चाक एकाच मापाचं असल्यामुळे एक जादा चाक सोबत नेलं की दोन्हीकडे चालतं. तीच आपली स्टेपनी! हा शब्दही गमतीचा आहे. वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून, तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारींसाठी बनलेल्या जादा चाकाला ते नाव पडलं. मूळ गाव विसरलं गेलं, पण आपल्याकडे अजूनही गॅरेजवाला विचारतो, "स्टेपनीत हवा आहे ना?"

म्हणजे आठ इंच हा आकडा काही वेडेपणा नव्हता. त्या गाडीचं जे जे लोकांना आवडलं, त्यातलं बरंचसं त्या लहान चाकावर उभं होतं. फक्त त्याची किंमत रस्त्यावर मोजावी लागत होती.

ही किंमत समजून घ्यायला घरातली दोन उदाहरणं पुरेत. एक बांगडी घ्या आणि एक मोठी परात. दोन्ही उभ्या धरून उंबरठ्याकडे गडगडवा. बांगडी उंबरठ्याला थडकून पडते. परात निदान चढायचा प्रयत्न करते. आपल्या बैलगाडीचं चाक छातीपर्यंत का यायचं, त्याचं एक कारण हेच. दगड, चर, चिखल यांवरून ओढताना मोठं चाक बैलाचे कष्ट वाचवतं.

आता थोडं गणित, घाबरू नका. प्रवासाच्या दिशेनं ३० सेंटिमीटर लांबीचा आणि चांगला खोल खड्डा घ्या. हळू जाताना चाक त्यात किती खाली उतरेल? आठ इंची जुन्या चाकाचा टायरसकट व्यास सुमारे ३८ सेंटिमीटर, ते सव्वासात सेंटिमीटर खाली जातं. दहा इंची चाक सहा सेंटिमीटर. बारा इंची साधारण साडेपाच. आणि मोटरसायकलचं सतरा इंची चाक फक्त चार. खड्डा एकच, पण आठ इंचवाल्यासाठी तो जवळजवळ दुप्पट खोल! वेगात असताना चाक एवढं खाली उतरायला वेळ मिळत नाही, पण मग समोरची धार जोरात लागते, आणि लहान चाकाला ती जास्त उभी भेटते. पुढचं चाक अडतं, सगळं वजन पुढे येतं, आणि मागे बसलेली व्यक्ती चालवणाऱ्यावर आदळते. ब्रेक दाबलेला असेल तर आणखी वाईट.

हे तेव्हाच्या लोकांनाही कळत होतं. मिलानच्या इनोचेंती कंपनीची लॅम्ब्रेटा १९४७ साली सात इंची चाकांवर आली, आणि पुढच्याच मॉडेलला आठ इंच मिळाले. व्हेस्पानं १९५५ साली जीएस १५० ही वेगवान स्कूटर काढली तेव्हा तिला दहा इंची चाकं दिली. इटलीतच मोटो गुझीनं १९५० मध्ये गॅलेत्तो काढली, तिला तर थेट सतरा इंची. बसायला स्कूटर, चालायला मोटरसायकल.

सगळ्यात स्पष्ट उत्तर दिलं जपाननं. सोइचिरो होंडा आणि त्यांचे भागीदार ताकेओ फुजिसावा युरोप फिरून आले. तिथल्या मोपेड आणि स्कूटर त्यांनी पाहिल्या आणि ठरवलं, की आपल्या कच्च्या रस्त्यांवर हे चालणार नाही. १९५८ साली त्यांनी सुपर कब काढली. मधे पाय टाकायला मोकळी जागा, पुढे प्लास्टिकचा आडोसा, म्हणजे स्कूटरची सोय शाबूत. पण चाकं सतरा इंची. त्या मापाचा टायर जपानमध्ये सहज मिळतही नव्हता, तो खास बनवून घ्यावा लागला. २०१७ पर्यंत या कुटुंबातल्या गाड्यांनी दहा कोटींचा आकडा ओलांडला.

मग आपण? आपल्याकडे स्कूटर परवान्यानं आली. मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया लॅम्ब्रेटा जोडू लागली. बजाजनं १९४८ पासून स्कूटर आयात केल्या, आणि १९६० च्या सुमारास पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा इथेच बनवायला घेतली. म्हणजे इटलीतल्या माणसानं इटलीसाठी काढलेलं चाक आकुर्डीत बनून आपल्या रस्त्यावर उतरलं. परवान्यासोबत गाडीचा आराखडा आला, रस्ता मात्र इथलाच राहिला.

१९७१ मध्ये तो करार संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. चेतकला दहा इंची चाकं होती. त्याच कंपनीच्या बजाज सुपरला आठ इंची. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचा तो काळ. मिळेल ती गाडी घ्यायची. चाकाचं माप विचारतो कोण! गंमत बघा, त्याच १९७२ साली पुण्याच्या कायनेटिकची लुना आली. तिचा मूळ आराखडाही पियाजिओच्याच चाओ नावाच्या मोपेडचा, पण चाकं सायकलसारखी मोठी आणि बारीक. एकाच इटालियन कंपनीची दोन उत्तरं आपल्या एकाच गल्लीत उभी असायची.

दहा इंच मग इतके मुरले, की पुढची तीसेक वर्षं ते कुणी हलवले नाहीत. कायनेटिक होंडा दहा इंची, पहिली अ‍ॅक्टिव्हा दहा इंची. बदल आला तो २०१० नंतर. टीव्हीएस ज्युपिटर २०१३ मध्ये दोन्हीकडे बारा इंची चाकं घेऊन आली. अ‍ॅक्टिव्हानं २०२० मध्ये पुढचं चाक बारा केलं, मागचं दहाच ठेवलं. त्याच वर्षी परत आलेली इलेक्ट्रिक चेतकही बारा इंची. आणि पियाजिओनं २०१६ मध्ये बारामतीच्या कारखान्यातून काढलेली एप्रिलिया एसआर १५० चौदा इंची. दास्कानिओच्या कंपनीनंच, आपल्या मातीत, आठाचे चौदा केले!

इतकी वर्षं का लागली? एक कारण मला वाटतं स्टेपनी. ट्यूबलेस टायर आले, पंक्चर झालं तरी हवा हळूहळू जाते, गाडी दुकानापर्यंत पोचते. स्टेपनी गेली आणि दोन्ही चाकं एकाच मापाची ठेवायची सक्ती संपली. मागचं चाक लहानच राहतं त्याचं कारणही साधं आहे. त्याच्यावर इंजिन, सीट आणि सीटखालची डिकी. चाक वाढवलं की हेल्मेट ठेवायची जागा जाते. पुढच्या चाकावर असं ओझं नाही, आणि खड्डा पहिल्यांदा भेटतो तो त्यालाच.

आता जाहिरातीचा एक बारकावा. दहाचे बारा इंच झाले म्हणजे चाक दोन इंचांनी मोठं झालं असं वाटतं ना? तो आकडा रिमचा असतो. ९०/१००-१० टायरचा पूर्ण व्यास साधारण ४३ सेंटिमीटर, ९०/९०-१२ चा साधारण ४७. म्हणजे फरक सव्वातीन सेंटिमीटरच्या आसपास, कारण दुसऱ्या टायरची भिंत बुटकी आहे. फायदा खरा आहे, पण चमत्कार नाही.

दुसरा गैरसमज असा, की मोठं चाक भोवऱ्यासारखं फिरतं म्हणून गाडी तोल सांभाळते. थोडा वाटा त्याचा आहे. पण २०११ साली काही संशोधकांनी एक अशी सायकल बनवली, जिच्यात हा भोवऱ्याचा परिणाम जवळपास रद्द केला होता, तरी ती ढकलल्यावर स्वतःहून सरळ धावली. तोल हा हँडलचा कोन, वजन कुठे आहे, दोन चाकांमधलं अंतर, या सगळ्यांचा मिळून असतो. लहान चाकाची स्कूटर गर्दीत चटकन वळते आणि वेगात थोडी चुळबुळी वाटते, ती या सगळ्या हिशोबामुळे.

आणि काही गोष्टींत चाकाचा आकार काहीच करत नाही. वळणावरची वाळू, पावसातले रस्त्यावरचे पांढरे पट्टे, सांडलेलं डिझेल. तिथे टायरची नक्षी, हवा आणि तुमचा वेग एवढंच कामाला येतं. ब्रेकच्या बाबतीत २०१९ मध्ये १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना निदान दोन्ही चाकांना एकत्र ब्रेक लावणारी यंत्रणा आणि त्यापुढच्यांना एबीएस सक्तीचं झालं. जुनी सेकंडहँड गाडी घेताना हे नक्की तपासा.

माझी आई पंचेचाळिशीत स्कूटर शिकली. तिला दुकानदार इंच सांगत होता आणि ती एकच विचारत होती, "दोन्ही पाय टेकतात का?" मला तिचा प्रश्न बरोबर वाटतो. सिग्नलला गाडी कलली आणि पाय पोचला नाही, तर चौदा इंची चाक काय उपयोगाचं? दास्कानिओनंही माणूस कसा बसेल इथूनच सुरुवात केली होती. म्हणून क्रम असा लावा: आधी पाय टेकतात का, मग पुढचं चाक बारा इंची आहे का, मग ब्रेक. रोजचा रस्ता खराब असेल, किंवा मागे कुणी नेहमी बसत असेल, तर पुढच्या बारा इंचांसाठी थोडे पैसे जास्त गेले तरी देऊन टाका.

एक गोष्ट मात्र मला खुपते. इटलीत रस्ते सुधारत गेले आणि लहान चाकाची गाडी तिथे सुखानं नांदली. आपल्याकडे मात्र आपण चाक वाढवतोय. आठाचे दहा, दहाचे बारा, बाराचे चौदा. कंपन्यांनी बरोबरच केलं, त्यांच्या हातात चाक आहे. पण रस्ता ज्यांच्या हातात आहे त्यांना यातून सूट मिळू नये. घरासमोरच्या खड्ड्याचा फोटो काढा, महापालिकेच्या अ‍ॅपवर तक्रार टाका, तक्रारीचा नंबर जपून ठेवा. कारण त्याच गल्लीतून कुणीतरी अजून आठ इंची सुपर चालवतंय, आणि त्याच्यासाठी तो खड्डा तुमच्यापेक्षा खोल आहे.

आणि हो, या आठवड्यात टायरची हवा तपासा, टायर थंड असताना. किती ठेवायची ते गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. मागे कुणी बसणार असेल तर त्याचा आकडा वेगळा असतो, तोही बघा. मागच्यालाही हेल्मेट द्या. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!